विश्लेषण : मोबाइलचा ‘ओएलईडी’ पडदा घडला कोडॅकमध्ये, मग कोडॅक मागे का राहिली?

तुमच्या मोबाइलच्या पडद्यावर काळा भाग खरोखरच काळाभोर दिसत असेल, तर तो बहुधा ‘ओएलईडी’ पडदा आहे. साध्या एलसीडीत मागे सतत दिवा लागतो. इथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा दाखवायचा असेल तेव्हा चक्क विझतो. ‘डार्क मोड’मध्ये बॅटरी वाचते ती म्हणूनच. या पडद्याची मूळ जुळणी केली ती चिंग टँग या रसायनशास्त्रज्ञाने, आणि तीही कॅमेऱ्याचे रोल विकणाऱ्या कोडॅक कंपनीत.

सुरुवात सौरघटापासून

हाँगकाँगमध्ये जन्मलेले टँग कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी करून १९७५ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे कोडॅकच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. फिल्मच्या धंद्यामुळे प्रकाशाला प्रतिसाद देणारी कार्बनी रसायने हा कोडॅकचा हातखंडा होता. अशा रसायनांपासून स्वस्त सौरघट बनवता येईल का, यावर टँग काम करत होते. सौरघटात प्रकाश आत जातो आणि वीज बाहेर येते. टँग यांनी याच रसायनांत उलट वाटही शोधली : वीज आत, प्रकाश बाहेर.

कल्पना तशी नवी नव्हती. अँथ्रासीनच्या स्फटिकातून असा प्रकाश १९६०च्या दशकातच मिळाला होता. पण त्यासाठी शेकडो व्होल्ट लागत. खिशात ठेवायच्या वस्तूला ते काय कामाचे?

दोन थरांची युक्ती

टँग आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी एकाऐवजी दोन थर वापरले. एक थर धन प्रभार वाहून नेणारा, दुसरा इलेक्ट्रॉन वाहून नेणारा. दोन्ही थर मिळून जाडी सुमारे १३५ नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा काहीशे पट कमी. दोन्ही बाजूंचे प्रभार थरांच्या सीमेजवळ भेटतात, तिथला रेणू उत्तेजित होतो आणि मूळ स्थितीत परतताना हिरवा प्रकाश सोडतो. थर इतके पातळ असल्याने दहा व्होल्टपेक्षा कमी दाब पुरला. १९८७ मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या प्रयोगशाळा या विषयाकडे वळल्या.

कोडॅकचे काय झाले?

कोडॅकने पेटंट घेतली, इतरांना परवाने दिले, जपानच्या सॅन्योबरोबर पडदे बनवून पाहिले. २००३ मध्ये ओएलईडी पडद्याचा डिजिटल कॅमेराही आणला. पण तोवर फिल्मची विक्री घसरू लागली होती आणि पडद्यांचे कारखाने उभारायला प्रचंड भांडवल लागते. ते जोखीम घेऊन ओतले कोरियन कंपन्यांनी. २००९ मध्ये कोडॅकने हा व्यवसाय एलजीला विकला. जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. डिजिटल कॅमेराही १९७५ मध्ये याच कंपनीत जन्मला होता, हे आठवले की केवळ नशिबाला दोष देता येत नाही.

टँग २००६ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांना २०११ मध्ये रसायनशास्त्राचे वुल्फ पारितोषिक आणि २०१९ मध्ये क्योटो पारितोषिक मिळाले.

निळ्याचे दुखणे

टँग यांच्या पहिल्या ओएलईडीत एक अडचण होती. उत्तेजित अवस्थांपैकी साधारण एक चतुर्थांशच प्रकाश देतात, बाकीची ऊर्जा वाया जाते. १९९८ मध्ये स्टीफन फॉरेस्ट आणि मार्क थॉम्पसन यांच्या गटांनी प्लॅटिनमयुक्त रेणू वापरून ही ऊर्जाही प्रकाशात आणली. लाल आणि हिरव्या रंगाचा प्रश्न त्या वाटेने सुटला. निळ्याचा मात्र अडला. निळ्या प्रकाशाला अधिक ऊर्जा लागते आणि तेवढ्या ऊर्जेने रेणूतील बंधच तुटू लागतात. त्यामुळे बहुतेक मोबाइलमध्ये निळ्यासाठी अजूनही जुन्या पद्धतीचे, कमी कार्यक्षम रेणू वापरले जातात. अनेक पडद्यांत निळे ठिपके मुद्दाम मोठे ठेवतात, म्हणजे प्रत्येकावर ताण कमी पडतो. तरीही तेच आधी थकतात.