गिऱ्हाईक न दुखावता पहिली विक्री

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला शोभेल असा विषय कला शाखेच्या विद्यार्थ्याने का घेतला, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे घरच्या मोबाईलवर आलेला प्रत्येक संदेश वाचून दाखवणे हे माझे काम. त्यांत कामाचा एखादा. बाकी सारे ‘आजच घ्या’, ‘शेवटची संधी’ असे. वडील दर वेळी विचारतात, “बँकेचा हाय का?” जव्हार-मोखाड्यातल्या कित्येक पाड्यांवर रेंजसाठी टेकाड चढावे लागते. एवढे चढून जाहिरातच हाती आली, तर माणूस वैतागणारच. पण विकणाऱ्यालाही पोट आहे. मग त्याने विकावे तरी कसे? सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकाची आज्ञावली, एकट्याच्या बळावर तयार करून विकणाऱ्यांनी या प्रश्नाची जी उत्तरे शोधली, ती आपल्यालाही उपयोगी आहेत.

आठवडा बाजारात आपण मडके टिचकी मारून घेतो, जांभूळ चाखून घेतो. आज्ञावली वापरल्याशिवाय कळत नाही, आणि करणाराही अनोळखी. म्हणून पहिले गिऱ्हाईक व्हायला कोणी धजत नाही. मोठी कंपनी जाहिरातीवर पैसा ओतते. एकट्याजवळ तो नसतो. मग तो घसा फोडून ओरडू लागतो आणि आलेले गिऱ्हाईकही निघून जाते.

१९८२ साली अमेरिकेत अँड्र्यू फ्लूगलमन याने ‘पीसी-टॉक’ ही आज्ञावली वेगळ्या रीतीने बाजारात आणली. वापरून पाहा, मित्रांना नक्कल द्या, उपयोगी वाटली तर पैसे पाठवा, असे त्याचे सांगणे होते. १९८३ साली बॉब वॉलेस याने ‘पीसी-राइट’ आणले आणि या पद्धतीला ‘शेअरवेअर’ हे नाव रूढ केले. एखाद्याने दिलेल्या नकलेवरून दुसऱ्याने ७५ डॉलर भरून नोंदणी केली, तर देणाऱ्याला २५ डॉलर मिळत. म्हणजे समाधानी गिऱ्हाईक हाच विक्रेता झाला. १९९३ च्या ‘डूम’ या खेळाचाही पहिला भाग फुकट होता. गोडी लागली तर पुढचे भाग विकत घ्यायचे.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण तर अधिक बोलके आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुण्यात दरमहा ४०० रुपयांवर ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. पुढे स्वतःचे दुकान काढून संगणकही दुरुस्त करू लागले. १९९० नंतर दुरुस्तीला येणारे संगणक वारंवार व्हायरसने बिघडलेले असत. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते; त्यांनी ते व्हायरस काढणाऱ्या छोट्या आज्ञावल्या लिहिल्या. त्या प्रथम दुकानातल्या गिऱ्हाइकांच्याच कामी आल्या. त्यांतूनच ‘क्विक हील’ उभे राहिले. पहिली वर्षे ओढाताणीची गेली. पण २०१६ साली या कंपनीचे समभाग शेअर बाजारात आले.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, गिऱ्हाइकाला गरज पटवून द्यावी लागली नाही. तो स्वतःच बिघडलेला संगणक घेऊन दारात आला होता, आणि दुरुस्ती करणाऱ्यावर त्याचा आधीच विश्वास होता.

यावरून चार गोष्टी निघतात. पहिली, आधी वापरू द्यावे, आणि फुकटची मुदत किती दिवसांची ते सुरुवातीलाच सांगावे. दुसरी, पैसे काम झाल्यावर मागावेत. काम सुरू करताच आडवे येऊ नये. एकदा ‘नको’ म्हटले की गप्प बसावे. तिसरी, प्रारंभी घेणाऱ्याला सवलत जरूर द्यावी, पण ती खरी असावी. ‘पहिल्या ५० जणांना’ म्हटले तर एक्कावन्नाव्याला पूर्ण किंमत पडलीच पाहिजे. चौथी, गिऱ्हाइकाचा नंबर त्याच्या परवानगीनेच वापरावा आणि तक्रारीला स्वतः उत्तर द्यावे. सुरुवातीची गिऱ्हाइके थोडी असतात. हे एकट्यालाही जमते.

आता कायद्याचाही आधार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या विक्रीचे १३ प्रकार नोंदले आहेत. खोटी घाई करणे आणि सारखे टुमणे लावणे हे त्यांतलेच. नको असलेले जाहिरातीचे फोन व संदेश १९०९ या क्रमांकावर नोंद करून थांबवता येतात. हे प्रत्येकाने आपापल्या घरी जरूर सांगावे.

उद्या आपल्यापैकीच कोणी बचत गटाच्या हिशेबाची किंवा भातखरेदीच्या नोंदीची आज्ञावली करील. त्याचे पहिले गिऱ्हाईक बहुधा शेजारच्या पाड्यावरचे असेल. त्याच्याकडे एका महिन्याचा हिशेब आधी फुकट करून द्यावा, तो बरोबर जुळला की मगच किंमत सांगावी. हिशेब जुळल्याची बातमी बाजाराच्या दिवशी चार गावांत आपोआप पोहोचेल. संदेश पाठवावा लागणार नाही.