ग्नूकॅशमधील आलेख अहवाल

ग्नूकॅश या मुक्त स्रोत हिशेब-प्रणालीत जमाखर्चाच्या नोंदींवरून तयार होणाऱ्या चित्ररूप अहवालांना आलेख अहवाल म्हणतात. ग्नूकॅशची १.० ही आवृत्ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. व्यक्ती, कुटुंबे व लहान व्यवसाय यांसाठी असलेली ही प्रणाली द्विनोंदी पद्धतीवर चालते व ग्नू जीपीएल परवान्याखाली विनामूल्य मिळते.

प्रकार

खर्चाची विभागणी दाखवणारा वर्तुळालेख, महिनावार उत्पन्न व खर्च दाखवणारा स्तंभालेख आणि निव्वळ मालमत्तेचा रेषालेख हे प्रमुख प्रकार आहेत. एखाद्या कुटुंबाच्या २४,००० रुपयांच्या मासिक खर्चापैकी १२,००० रुपये घरभाड्याचे असतील, तर वर्तुळालेखाचा अर्धा भाग भाड्याने व्यापला जातो. खाती फार असल्यास लहान खाती 'इतर' या एका भागात एकत्र केली जातात.

कार्यपद्धती

आलेख तीन टप्प्यांत तयार होतो. प्रथम स्कीम या भाषेत लिहिलेला अहवाल निवडलेल्या खात्यांच्या व कालावधीच्या रकमा काढतो. द्विनोंदी पद्धतीत उत्पन्नाची शिल्लक जमेच्या बाजूस असते व ग्नूकॅश ती अंतर्गत ऋण चिन्हाने साठवते. त्यामुळे आलेखासाठी तिचे चिन्ह उलटावे लागते. अनेक चलनांतील खाती असल्यास त्यांच्या रकमा अहवालाच्या चलनात रूपांतरित केल्या जातात. दुसऱ्या टप्प्यात या रकमांपासून एचटीएमएल पान तयार होते. तिसऱ्या टप्प्यात वेबकिट हे ब्राउझर इंजिन ते पान दाखवते व पानातील जावास्क्रिप्ट लायब्ररी आलेख रेखाटते.

हिशेब पहिल्याच टप्प्यात पूर्ण होत असल्याने रेखाटनाचे साधन बदलले तरी रकमा त्याच राहणे अपेक्षित असते. चिन्ह किंवा कालावधी पुढे पाठवताना चूक झाल्यास मात्र आकर्षक आलेखही आर्थिक स्थितीचे खोटे चित्र उभे करतो. म्हणून आलेखासोबत मूळ आकड्यांची सारणी दाखवण्याचा पर्याय पडताळणीसाठी उपयुक्त ठरतो.

आधुनिकीकरण

सुरुवातीच्या काळात आलेखांसाठी गप्पी ही लायब्ररी वापरली जात असे. २००६ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत जीऑफिस ही लायब्ररी होती. २०१० च्या २.४ आवृत्तीपासून अहवाल वेबकिटमधून दिसू लागल्यावर जावास्क्रिप्टने आलेख काढण्याचा मार्ग खुला झाला व जेक्यूप्लॉट ही लायब्ररी स्वीकारण्यात आली.

जेक्यूप्लॉट ही जेक्वेरी या दुसऱ्या लायब्ररीवर अवलंबून होती आणि पुढे तिचा विकास थंडावला. देखभाल नसलेल्या लायब्ररीतील दोष दुरुस्त करण्याचा भार ती वापरणाऱ्या प्रकल्पावर येतो. ग्नूकॅशच्या ४ मालिकेत तिची जागा चार्ट.जेएसने घेतली. ही लायब्ररी एमआयटी परवान्याखाली उपलब्ध असून तिला जेक्वेरीची गरज नसते. सूचीतील नावावर टिचकी मारून एखादी मालिका लपवण्याची सोयही तिच्यात आहे. या बदलाबरोबर प्रत्येक प्रकारच्या आलेखासाठी असलेले वेगळे विभाग मागे पडून एक समान विभाग आला. त्यामुळे जुन्या विभागांवर बेतलेले, वापरकर्त्यांनी स्वतः लिहिलेले अहवाल सुधारून घेणे आवश्यक झाले.

मर्यादा

आधुनिकीकरणाचा वेग सर्वांत जुन्या इंजिनावर ठरतो. विंडोजवरील ग्नूकॅश वेबकिटच्या जुन्या मालिकेवर विसंबून राहिली आहे. चार्ट.जेएसच्या २०२१ मधील तिसऱ्या आवृत्तीने जुन्या ब्राउझरांचा आधार काढून घेतला, त्यामुळे लायब्ररीची नवी आवृत्ती निघाली तरी ती लगेच स्वीकारता येत नाही.

लायब्ररी प्रणालीसोबतच दिली जात असल्याने आलेख पाहण्यासाठी इंटरनेट लागत नाही, तसेच हिशेबाचे आकडे बाहेरच्या सर्व्हरकडे पाठवावे लागत नाहीत. खासगी आर्थिक नोंदींच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची मानली जाते.