जुनी रायफल झाडावी का?

बारामती-इंदापूरकडच्या एखाद्या वाड्यात खंडेनवमीला पुजली जाणारी मार्टिनी-हेन्री असेल, तर ती झाडू नये, असे माझे ठाम मत आहे. ब्रिटिश सैन्याने 1871 मध्ये स्वीकारलेली ही रायफल काळ्या दारूसाठी घडवलेली. आजच्या धूरविरहित दारूचा दाब तिला घातक. शिवाय काळ्या दारूची काजळी ओल धरते, त्यामुळे वरून तेलाने चकाकणारी नळी आतून गंजून खड्डे पडलेली असू शकते. बार काढल्याशिवाय बंदूक कळणार कशी, हा आक्षेप रास्तच. पण आवाज, धूर, खांद्याला बसणारा धक्का प्रतिकृतीतूनही कळतो. बार काढताना दस्ता फुटला, तर त्यावरचे मूळ शिक्के गेले ते गेलेच. आणि 1959 च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्यारालाच आहे; बार निघणाऱ्या बंदुकीला परवाना लागतोच.