पुण्याचा मुलींचा संघ

महाराष्ट्रातल्या व्यावसायिक महिला फुटबॉल क्लबचा इतिहास लिहायचा म्हटलं, तर तो एका बंद पडलेल्या क्लबापासून सुरू होतो. एफसी पुणे सिटी. 2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा वाधवान समूह आणि हृतिक रोशन यांनी हा संघ उभा केला. इटलीच्या फिओरेंतिनाशी भागीदारी केली. फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे पहिल्याच मोसमात बालेवाडीच्या मैदानावर उतरला. नांदेड-लातूरकडच्या पोरांनी तो टीव्हीवर पाहिला. कुणी रात्रीची गाडी धरून पुण्यालाही गेलं असेल.

पुरुषांच्या संघाबद्दल पुष्कळ लिहून आलं आहे. मला त्याच क्लबाच्या मुलींच्या संघाबद्दल सांगायचं आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं 2016-17 मध्ये इंडियन विमेन्स लीगचा पहिला मोसम भरवला. अंतिम फेरीत सहा संघ होते आणि सुपर लीगमधल्या क्लबांपैकी तिथे मुली उतरवणारा पुणे सिटी हा एकटाच. कोलकात्याचे नामांकित क्लब तेव्हा तिथे नव्हते. गोव्याचा, केरळचा, मुंबईचा सुपर लीगवाला क्लबही नव्हता. पैसा सगळ्यांकडे होता. मुलींवर तो खर्च करावा असं पुण्याला वाटलं, ही गोष्ट त्यांच्या नावावर जमा करायलाच हवी.

बाकीचे पाच संघ पाहण्यासारखे होते. इंफाळचा ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन, कटकचा रायझिंग स्टुडंट्स क्लब, मिझोरामचा ऐजॉल, चेन्नईजवळच्या जेप्पियार अभियांत्रिकी महाविद्यालयाचा संघ आणि हरियाणातल्या भिवानी जिल्ह्यातलं अलखपुरा. यातलं अलखपुरा हे चक्क एक गाव आहे. तिथल्या सरकारी शाळेतल्या मुली फुटबॉल खेळू लागल्या आणि खेळता खेळता गावाचाच क्लब झाला. भारताकडून खेळलेली आघाडीची खेळाडू संजू यादव याच गावची. म्हणजे एकीकडे सिनेतारा, इटालियन भागीदार आणि बालेवाडी. दुसरीकडे एक शाळा आणि एक गाव. दोघं एकाच स्पर्धेत.

अंतिम फेरीचे सगळे सामने दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर झाले. नाव लीगचं असलं तरी हा मामला होता दोन-तीन आठवड्यांचा. सगळ्यांनी एका गावी जमायचं, दिवसाआड खेळायचं आणि घरी परतायचं. 14 फेब्रुवारी 2017 ला ईस्टर्न स्पोर्टिंगनं रायझिंग स्टुडंट्सला 3-0 असं हरवून चषक नेला. पुढचे मोसमही असेच फिरतीवर: शिलाँग, लुधियाना, बेंगळुरू, मग कोविडची खाडाखोड, त्यानंतर भुवनेश्वर, अहमदाबाद. पुण्याच्या पोरी पुण्याच्या प्रेक्षकांसमोर या लीगचा एकही सामना खेळल्या नाहीत. क्लबाला गाव असतं ते घरच्या मैदानामुळे, आणि तेच या स्पर्धेत नव्हतं. मग आपलं माणूस म्हणून त्यांच्यासाठी ओरडणार कोण?

2019 च्या ऑगस्टमध्ये एफसी पुणे सिटी संपला. मालकांची आर्थिक घडी विस्कटली होती. सुपर लीगमधली जागा हैदराबादला गेली. पुरुषांच्या संघासाठी वर्तमानपत्रांत निदान हळहळ छापून आली.

महाराष्ट्रातून इतरांनीही प्रयत्न केले. कोल्हापूरचा एफसी कोल्हापूर सिटी, मुंबईचे केंकरे, पिफा आणि मुंबई नाइट्स विमेन्स लीगमध्ये उतरले. यात कोल्हापूरचं मला विशेष वाटतं, कारण त्या शहरात फुटबॉल पेठेपेठेत आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरतं आणि हरलेल्या पेठेत त्या रात्री जेवण गोड लागत नाही. पण ते वेड पुरुषांच्या फुटबॉलचं. तालमीच्या नावानं मुली उतरल्या असत्या, तर काय झालं असतं याची मला फार उत्सुकता आहे.

2023-24 मध्ये लीग खऱ्या अर्थानं लीग झाली. सात क्लब, प्रत्येकाचं घरचं मैदान, परतीचे सामने. पहिला मान ओडिशानं मिळवला, पुढच्या वर्षी ईस्ट बंगालनं. त्याआधी गोकुलम केरळनं सलग तीनदा ही लीग जिंकली होती. 2022 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या आणि फिफानं भारतीय महासंघाला निलंबित केल्यामुळे न खेळताच परतल्या. भांडण पदाधिकाऱ्यांचं, विमानाचा परतीचा प्रवास मुलींचा. ज्या दोन मोसमांत लीगला घरची मैदानं मिळाली, त्या दोन्हींत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता.

पुणे-मुंबईची ही गत, तर आपल्या लातूर-नांदेडकडे काय बोलायचं? मैदानापासूनच अडतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, आणि त्याच वर्षी ही लीग आकाराला येत होती. ज्या शहरात टँकरभोवती जमावबंदी लावावी लागली, तिथे हिरवळीवर पाणी मारा म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यातच काढलं असतं.

पण मराठवाड्यातल्या मुली खेळत नाहीत, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं लातूरहून दीड-दोन तासांवरच्या धाराशिवला जाऊन यावं. खो-खोला हिरवळ लागत नाही. दोन खांब, चुन्याच्या रेघा आणि रोज संध्याकाळी हजर राहणारा प्रशिक्षक एवढं पुरतं. धाराशिवला हे तिन्ही होतं. तिथली सारिका काळे 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार होती. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोला तब्बल 22 वर्षांनी. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली, आणि संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. हे कुठल्या फ्रँचायझीनं घडवलेलं नाही. अलखपुऱ्याचा मार्ग आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आधीच चालून झाला आहे, फक्त खेळ वेगळा.

फुटबॉलसाठी त्या मार्गाचा पहिला टप्पा आहेसुद्धा. शालेय फुटबॉलचा सुब्रोतो चषक 1960 पासून चालू आहे. 2012 पासून त्यात सतरा वर्षांखालील मुलींचा गट आला. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत शाळेचा संघ दिल्लीला जाऊ शकतो, आणि लातूरला तर क्रीडा खात्याचा स्वतंत्र विभागच आहे. अडचण त्याच्या पुढची. वयाची सतरा वर्षं उलटतात तेव्हा बारावी असते, आणि लातुरात बारावी म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची नीट. आईबापांनी ट्युशनची फी भरलेली असते. महासंघाच्या नियमाप्रमाणे लीगमधल्या क्लबानं किमान दहा भारतीय मुलींना वर्षाला निदान 3 लाख 20 हजारांचा करार द्यायचा असतो. म्हणजे महिन्याला साधारण 27 हजार, तेही भुवनेश्वर, बेंगळुरू नाहीतर कोझिकोडला राहून. एवढ्यासाठी नीट सोड, असं नांदेडच्या कुठल्या बापाला सांगायचं? आणि सांगायचं ठरलं तरी, पोरीला निवड चाचणीसाठी घेऊन जावं असा वरच्या लीगमधला क्लब त्या दोन मोसमांत उभ्या महाराष्ट्रात नव्हता.