परदेशी जाताना गावचा नंबर कसा टिकवावा?

गोंदियाच्या बाजारात तांदळाचा कट्टा पाहा. वर गिरणीचे नाव, मध्ये एखादे चित्र आणि खाली मोबाईल नंबर. फर्निचरवाल्याच्या पाटीवर, बिडीच्या बिलबुकावर, वेल्डिंगच्या दुकानाच्या शटरवरही तेच. रायपूरचा किंवा बालाघाटचा दलाल मालकाचे नाव चुकीचे सांगेल, पण नंबर त्याच्याजवळ बरोबर असतो. दहा-पंधरा वर्षे एकच नंबर चालवलेल्या व्यापाऱ्याला विचारले तर तो सांगेल की दुकानाची निम्मी साख त्या दहा आकड्यांत आहे. असे असूनही घरातला मुलगा किंवा भाऊ दोहा, दम्माम किंवा दुबईला निघतो तेव्हा पासपोर्ट, मेडिकल, व्हिसा, तिकीट या सगळ्याची उठाठेव होते आणि नंबराचे काय करायचे हे कोणी विचारत नाही.

आम्हीही विचारले नव्हते. आमचा एक भाचा २०२३ साली पाइप फिटरच्या कामावर कतारला गेला. गावचे सिम काढून त्याने कागदात गुंडाळले आणि पेटीच्या कप्प्यात ठेवले. कंपनीने तिकडचे सिम दिले, घरच्यांशी बोलणे व्हॉट्सॲपवर होत होते, त्यामुळे जुन्या नंबराची आठवण होण्याचे कारण नव्हते. आठव्या महिन्यात घराच्या बांधकामासाठी गावच्या खात्यातून ठेकेदाराला पैसे द्यायचे ठरले. बँकेने ओटीपी पाठवला. तो ज्या फोनवर गेला तो सोलापूरकडच्या एका ट्रकचालकाचा होता. आम्ही त्या नंबरवर फोन लावला तेव्हा हे कळले. माणूस भला निघाला. त्याने सांगितले की कोणाच्या तरी खात्याचे संदेश येत आहेत आणि कोणाला कळवावे ते समजत नाही. बँकेचे म्हणणे सरळ होते : नंबर बदलायचा असेल तर खातेदाराने स्वतः यावे, नाहीतर वकिलातीतून साक्षांकित केलेला अर्ज पाठवावा. भाच्याला सुट्टी मिळेना. बांधकाम चौकटीच्या उंचीवर थांबले आणि शेवटी मामाने, म्हणजे आम्हीच, हातउसने पैसे दिले.

हा नंबर दुसऱ्याला गेलाच कसा, असा घरात बराच काथ्याकूट झाला. कंपनीने फसवले असे अम्मींचे ठाम मत होते. तसे नव्हते. सारे नियमाप्रमाणे झाले होते, फक्त नियम आम्हाला ठाऊक नव्हता.

दूरसंचार नियामक म्हणजे ट्रायने २०१३ साली प्रीपेड नंबरासाठी नियम केला. नंबर सलग ९० दिवस वापरात नसेल तर कंपनी तो बंद करू शकते, त्याआधी नाही. मात्र खात्यात २० रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर नंबर लगेच बंद न करता २० रुपये कापून तीस दिवसांची मुदत वाढवावी लागते, आणि शिल्लक असेपर्यंत हे चालू राहते. शिल्लक संपून नंबर बंद झाला तरी तो पुन्हा मिळवण्यासाठी १५ दिवसांची सवलत असते. त्यानंतर मात्र तो तुमचा राहत नाही. बंद झालेला नंबर निदान ९० दिवस नव्या ग्राहकाला दिला जात नाही, असे ट्रायने सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते आणि २०२३ च्या निकालात त्याची नोंद आहे. आता हिशेब करा. २८ दिवसांचा रिचार्ज संपला, मग ९० दिवस, मग थोडी सवलत, मग आणखी ९० दिवस. सात महिने होतात. आमच्या भाच्याचा आठवा महिना याच हिशेबात बसतो.

या नियमातली एक बारीक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. वापर म्हणजे काय? आलेला किंवा केलेला फोन, पाठवलेला एसएमएस, वापरलेला डेटा. येणारा एसएमएस वापरात धरला जात नाही. म्हणजे बँकेचे संदेश रोज येत असले तरी कंपनीच्या वहीत तो नंबर पडूनच आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. नंबर जिवंत ठेवणे आणि नंबर चालू ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. जानेवारी २०२५ मध्ये '२० रुपयांत नंबर चालू' अशी बातमी नवी म्हणून घरोघर फिरली. नियम बारा वर्षांचा जुना होता, आणि त्याने नंबर फक्त दुसऱ्याच्या हाती जाण्यापासून वाचतो. रिचार्जची मुदत संपली की आधी जाणारे फोन बंद होतात, मग येणारे. ओटीपीही येत नाही. पूर्वी असे नव्हते. २००५ च्या शेवटी ९९९ रुपयांत 'लाइफटाइम' सिम निघाले तेव्हा अनेकांना वाटले की आता जन्माची काळजी मिटली. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी दरमहा ३५ रुपयांचा किमान रिचार्ज लावला आणि ते लाइफटाइम तिथेच संपले. त्यानंतर किमान रिचार्ज वाढतच गेला.

परदेशी राहणाऱ्याची खरी अडचण अशी होती की त्याला फक्त संदेश हवे असत, पण कंपन्या प्रत्येक रिचार्जमध्ये इंटरनेट बांधून देत आणि त्याचे पैसे घेत. म्हणजे मीठ हवे तर सोबत साखरेचा कट्टा घ्या, असा तो व्यवहार. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने यावर आदेश काढला : इंटरनेट नको असलेल्यांसाठी फक्त फोन आणि एसएमएसचे वेगळे रिचार्ज ठेवावेत आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकेल. जानेवारी २०२५ मध्ये तसे रिचार्ज आले. एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया यांनी ३६५ दिवसांसाठी १८४९ रुपये ठेवले, जिओने ३३६ दिवसांसाठी १७४८. चौऱ्याऐंशी दिवसांचे रिचार्ज ४४८ ते ४७० रुपयांच्या दरम्यान होते. दर बदलत असतात, म्हणून भरण्याच्या दिवशी दुकानात विचारावे. पण हिशेबाची पद्धत बदलत नाही. १८४९ ला ३६५ ने भागले तर दिवसाला पाच रुपयांच्या आसपास पडतात. ८४ दिवसांचा ४६९ चा रिचार्ज वर्षभर करत राहिलो तर दोन हजारांच्या वर जातो, शिवाय दर तीन महिन्यांनी तारीख लक्षात ठेवायची. परदेशात बारा तास काम करणाऱ्या माणसाच्या तारखा चुकतात. आमचा सल्ला असा की विमानतळाला निघण्याच्या आठवड्यात वर्षाचा रिचार्ज करून टाकावा, पावती अब्बांच्या वहीत चिकटवावी आणि संपण्याची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी. वरून २०-५० रुपयांची शिल्लक राहू द्यावी. तारीख हुकली तर तेवढी ढाल असते.

पोस्टपेड असेल तर 'सेफ कस्टडी' हा शब्द लक्षात ठेवावा. लँडलाइनच्या काळातही, जेव्हा गोंदियाला ०७१८२ लावून फोन करावा लागे, घर बंद करून जाणारा माणूस टेलिफोन खात्यात अर्ज देऊन जोडणी राखून ठेवी. तोच प्रकार मोबाईललाही आहे. २०१३ च्या नियमात पोस्टपेड नंबर तीन महिने राखण्याचे शुल्क १५० रुपयांपेक्षा जास्त नसावे असे आहे. पण त्या काळात संदेश येत नाहीत. नंबर राहतो, काम होत नाही. तीन-चार महिन्यांच्या दौऱ्याला ठीक, नोकरीवर जाणाऱ्याला नाही.

आता सिम कोठे असावे? बहुतेक घरांत ते गावातल्या जुन्या फोनमध्ये असते. ओटीपी आला की भाऊ वाचून दाखवतो आणि मुलगा तिकडे टाइप करतो. सोपे आहे, आम्हीही काही महिने हेच केले. पण ज्या घरात 'ओटीपी कोणाला सांगू नये' हे मुलांना शिकवायचे त्याच घरात रोज सांगितला जातो, आणि उद्या बँकेच्या नावाने कोणी फोन केला तर अम्मींना फरक कसा कळणार? शिवाय यूपीआयचे ॲप नोंदवताना ते सिम त्याच फोनमध्ये लागते. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने व्हॉट्सॲपसारख्या सेवांनाही निर्देश दिले की ज्या नंबरावर खाते आहे ते सिम फोनमध्ये असेल तरच सेवा चालावी. वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते यावरून दिसते. बँकेचा नंबर माणसाबरोबर गेलेला बरा.

त्यासाठी दोन सिमचा फोन हवा. फोन ई-सिम घेत असेल तर गावचा नंबर निघण्यापूर्वीच ई-सिमवर करून घ्यावा, म्हणजे तिकडच्या सिमला खाच मोकळी राहते आणि कप्प्यात हरवण्यासारखे काही उरत नाही. हे काम शेवटच्या दिवशी करू नये. सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात, फसवणूक टाळण्यासाठी. याच कारणाने जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. कंपनी बदलायची असेल तर आधी ती बदलावी आणि मग ई-सिम करावे.

आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतात असतानाच सुरू करून घ्यावे आणि आपल्या कंपनीचा त्या देशात करार आहे का ते विचारावे. रोमिंगवर एसएमएस येण्याला आपल्या कंपन्या सहसा पैसे घेत नाहीत. पण फोन उचलला की मीटर पळू लागतो आणि डेटा रोमिंग चुकून चालू राहिले तर शिल्लक पाहता पाहता संपते. म्हणून गावच्या सिमवर डेटा बंद, आणि फोन आला तर न उचलता व्हॉट्सॲपवरून परत बोलावे. वापर दाखवण्यासाठी दोन महिन्यांतून एखादा एसएमएस घरी पाठवला तर त्याचे पैसे लागतील, पण नंबर गमावण्यापेक्षा स्वस्त. हजला जाणाऱ्यांनाही चाळीसेक दिवसांसाठी एवढेच पुरे आहे. नागपुरात विमानात बसण्याआधी रोमिंग सुरू आहे ना आणि परतीच्या तारखेपर्यंत रिचार्ज पुरतो ना, हे दोन प्रश्न विचारून घ्यावेत.

दुकानदारांसाठी गोष्ट थोडी वेगळी आहे. कट्ट्यावर छापलेला नंबर परदेशी नेला तर गिऱ्हाईक कोणाला फोन लावणार? हा नंबर दुकानात राहावा, भावाच्या हाती, आणि शक्यतो कंपनीत रीतसर अर्ज करून त्याच्या नावावर व्हावा. एकाच्या नावाचे सिम दुसऱ्याने वर्षानुवर्षे वापरणे पुढे अंगाशी येते. बँक आणि आधारला मात्र वेगळा नंबर जोडावा, तो माणसाबरोबर जाईल. अनेक व्यापाऱ्यांनी एकच नंबर बँकेला, जीएसटीला, पाटीवर आणि सासरीही दिलेला असतो. हे निघण्यापूर्वी सोडवायला हवे, कारण नंतर सोडवायला तोच नंबर लागतो. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या पोर्टलवर सर्वांना ओटीपी देऊनच आत जावे लागते. तांदळाचा ट्रक भरून उभा आहे, चालक हॉर्न वाजवतो आहे आणि ओटीपी शारजात झोपलेल्या मालकाच्या फोनवर गेला आहे, अशी वेळ आणू नये. सही करणारा म्हणून गावातल्या भागीदाराची नोंद आधीच करून ठेवावी.

बँकेतही एक काम उरते. परदेशी राहू लागलेल्या माणसाचे साधे बचत खाते एनआरओ करून घ्यावे लागते, हा परकीय चलन कायद्याचा नियम आहे. तिकडची कमाई पाठवण्यासाठी एनआरई खाते असते. या खात्यांना परदेशी नंबर जोडता येतो. जानेवारी २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या महामंडळाने दहा देशांच्या नंबरांवर ही खाती यूपीआयला जोडण्याची मुभा दिली. त्यांत सौदी अरब, अमिरात, कतार आणि ओमान आहेत. कुवेत आणि बहारीन त्या यादीत नव्हते, म्हणून तिकडे जाणाऱ्याला गावचा नंबर जास्त जपावा लागतो. आधारचा ओटीपी तर भारतीय नंबरावरच येतो, माणूस कोणत्याही देशात असो.

आमच्या भाच्याने सुट्टीवर आल्यावर नवा नंबर घेतला, बँकेत जाऊन तो जोडला आणि ई-सिम करून नेला. आधारला नवा नंबर जोडण्यासाठी केंद्रावर बोट लावायला जावे लागले. ट्रकचालकाशी त्याची ओळख टिकून आहे. मध्यंतरी त्याने फोन करून सांगितले की विजेचे बिल थकल्याचा संदेश आला आहे. एका ठिकाणी नंबर बदलायचा राहून गेला होता.