पोथींतील भुज-कोटि-कर्णांची परीक्षा

गणिताच्या पोथींत त्रिकोणाचे अंक आले म्हणजे लेखकप्रमाद ओळखण्याचें एक साधन संग्राहकांपाशीं असतेंच. दोन लहान बाजूंच्या वर्गांची बेरीज मोठ्या बाजूच्या वर्गाइतकी भरली, तरच त्रिकोण जात्य, म्हणजे काटकोनी. बौधायनाच्या शुल्बसूत्रांतील १२ व ३५ ही जोडी घेऊं: १४४ व १२२५ मिळून १३६९, म्हणून कर्ण ३७. हस्तलेखांत ५ चा ४ सहज होतो. ३४ लिहिल्यास बेरीज १३०० येऊन दोष उघड होतो. मात्र आधीं तो त्रिकोण जात्य म्हणून सांगितला आहे काय, हें पाहावें. शके १०७२ च्या लीलावतींतील १३, १४, १५ या त्रिकोणांत ३६५ व २२५ यांचा मेळ नाहीं, आणि तो अभिप्रेतही नाहीं. तेथें अंक सुधारणें म्हणजे शुद्ध पाठ बिघडविणें होय, असें आम्हांस वाटतें.