पाऊलवाट कोणाची?

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात, सेंट लुसिया गावाच्या उत्तरेला सुमारे ३५ किलोमीटरवर केप विडाल आहे. समोर हिंदी महासागर, किनाऱ्याला वाळूच्या उंच टेकड्या, टेकड्यांवर दाट जंगल आणि त्या जंगलातच पर्यटकांचे तंबू. तिथून म्वुबू नावाची पाऊलवाट भांगाझी तळ्याकडे जाते. झुलू भाषेत इम्वुबू म्हणजे पाणघोडा. तळ्यात ते आहेत, म्हणून वाटाड्याशिवाय जाण्यात शहाणपण नाही.

हे जंगल वाऱ्याने रचलेल्या वाळूवर उभे आहे. समुद्राकडच्या झाडांचे शेंडे खाऱ्या वाऱ्याने कातरल्यासारखे दिसतात. त्यांच्या आडोशाने मागची झाडे उंच होतात. रेड मिल्कवूड हे तिथले झाड आपल्या बकुळीच्याच कुळातले. मुळांनी वाळू धरून ठेवली आहे. झाडे गेली की वाळू चालू लागते, म्हणून ठरलेली वाट सोडायची नाही, हा साधा नियम.

एवढे वाचून कोणीही म्हणेल, किती सुंदर! आम्हीही म्हणतो. पण आम्ही आणखी एक प्रश्न विचारतो. या वाटेवर आधी कोण चालत होते?

भांगाझी तळ्याभोवती माणसे राहत होती. त्यांची घरे, शेते, गुरे आणि पूर्वजांची थडगी तिथेच होती. वर्णद्वेषी राजवटीत त्यांना उठवण्यात आले. मोकळ्या झालेल्या पूर्व किनाऱ्यावर सरकारने पाइनची व्यापारी लागवड केली. शिवाय १९५३ च्या कायद्याने सार्वजनिक जागा वंशानुसार वाटल्या. काळ्या माणसाला गोऱ्यांच्या समुद्रकिनाऱ्यावर पाय ठेवण्याची बंदी झाली. तो कायदा रद्द झाला १९९० साली. पाणी आणि वाट सर्वांची असते, हे सांगायला १९२७ साली महाडला जावे लागलेल्या समाजाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

पुढे याच टेकड्यांतील टायटॅनियमच्या खनिजावर खाण कंपनीची नजर गेली. मोठे जनमत उभे राहिले आणि १९९६ साली सरकारने खाणीला नकार दिला. १९९९ साली हा प्रदेश जागतिक वारसा ठरला. आज त्याचे नाव इसिमांगालिसो. पाइनची लागवडही काढण्यात आली. जंगल वाचले, याचा आनंदच आहे. पण माणसांचे काय?

दक्षिण आफ्रिकेने १९९४ साली जमीन परत मिळवण्याचा कायदा केला. १९ जून १९१३ नंतर वांशिक कायद्यांमुळे ज्यांची जमीन गेली, त्यांना त्याखाली दावा करण्याची मुभा मिळाली. ही तारीख सहज निवडलेली नाही. काळ्यांचा जमिनीचा हक्क आवळणारा कायदा त्याच दिवशी लागू झाला होता. अन्याय ज्या दिवशी सुरू झाला, तिथूनच न्यायाची मोजणी! भांगाझीच्या लोकांनी दावा केला. १९९९ मध्ये तडजोड झाली. पैशात भरपाई मिळाली, तळ्याकाठी वारशाची छोटी जागा मिळाली, पण बाकी जमीन उद्यानातच राहिली. हा अर्धाच न्याय आहे. मात्र तो भीक म्हणून नव्हे, हक्क म्हणून मिळाला.

आपल्याकडे २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्यात आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. जंगलकाठचा दलित याच अटीत अडकतो. ज्याच्या आजोबाला अक्षरओळखच होऊ दिली नाही, त्याने ७५ वर्षांपूर्वीचा कागद कुठून आणायचा? नियमांत वडीलधाऱ्यांची साक्ष पुरावा म्हणून चालते, तरी कार्यालयात आधी कागदच मागितला जातो. आमच्या कार्यकर्त्यांनी ही साक्ष वेळीच लिहून घ्यावी. साक्षीदार म्हातारे होत आहेत.

जंगल राखलेच पाहिजे. पण वाटेवरच्या पाटीवर झाडाचे नाव लिहिताना, तिथून उठवलेल्या वस्तीचे नावही लिहिले पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच आहे.